मोजे विणण्याआधी पाय मोजा

थंडीची चाहूल लागली की घराघरांतून लोकरीच्या सुया बाहेर निघतात. आमच्या वटारसारख्या समुद्रालगतच्या गावात जाड मोज्यांची गरज खरे तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरतीच. तरीही वाचकहो, घरातील वयस्क व्यक्तीसाठी मोजे विणण्याचा बेत आपण केला असेल, तर टाके घालण्यापूर्वी थोडे थांबावे.

अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू बोथट होते. अशा पायाला काठ रुतला, आत गाठ टोचली, तरी ते कळत नाही. आपण विचारता, “घट्ट होतोय का हो?” आजोबा “नाही” म्हणतात आणि ते खरेच सांगत असतात, मुका झालेला असतो तो पाय. पुढे तिथे जखम होते, ती चिघळते आणि काही वेळा पाय गमावण्यापर्यंत पाळी येते. म्हणून विचारण्यावर विसंबू नये, टेप घ्यावी.

‘मग सैलच विणू’ हा विचारही घातक आहे. सैल मोज्याच्या चुण्या पायाखाली येतात, घासून फोड उठतो आणि रात्री लघवीला उठलेला माणूस गुळगुळीत लादीवर घसरतो. लोकरीचे मोजे घालून चालायचे असेल, तर त्यावर न घसरणारी, मागे पट्टा असलेली चप्पल हवीच.

माप सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडाफार सुजतो. शक्य असल्यास उभे करून घ्यावे. भार पडल्यावर पाऊल पसरते. चवड्याचा सर्वांत रुंद घेर आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी, दोन्ही पायांची, निरनिराळी लिहून ठेवावी. तिसरे माप बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: टाचेच्या टोकावरून तिरकस, घोट्यासमोरच्या वळणावरून फिरणारा घेर. मोज्याचे तोंड तेवढे ताणले गेले नाही, तर तो पायात शिरणारच नाही.

मग नमुना. आयुष्यभर स्वेटर विणलेल्या हातांना नमुना विणायला सांगणे धाडसाचे आहे, पण सांगतो. नमुना धुऊन, वाळवून 10 सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. समजा ते 28 आले आणि चवड्याचा घेर 24 सेंटिमीटर आहे. विणलेला कपडा ताणला जातो, म्हणून दहावा हिस्सा वजा करावा, उरतात 21.6 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 60 टाके. पाय सुजरा असेल, तर विसावा हिस्साच वजा करून 64 टाके घ्यावेत. लांबी पावलापेक्षा सुमारे 1 सेंटिमीटर कमी पुरते. सुती धागा लोकरीइतका ताणला जात नाही; त्याचा नमुना वेगळा विणावा.

काठाचे टाके दोन सुया एकत्र धरून घालावेत, म्हणजे तोंड मोकळे राहते. दोन सुलट, दोन उलट अशी वीण तिथे पुरेशी. इलॅस्टिक ओवू नये. धागा जोडताना गाठ मारू नये, टोके विणीतच गुंतवावीत. बोटांकडची बाजू जाड शिवण न येता जोडावी. रंग फिकाच निवडावा: रक्ताचा किंवा पुवाचा डाग गडद रंगावर दिसत नाही.

पहिल्या दिवशी तासाभराने मोजा काढून पाय पाहावा. काठाचा खोल वळ बराच वेळ तसाच राहिला, तर काठ उसवून पुन्हा विणावा. सूज सकाळीही उतरत नसेल, तर दोष विणीत शोधू नये. हृदय, मूत्रपिंड, किंवा रक्तदाबासाठी दिलेली अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळीही कारण असू शकते. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सुजेवर दाब देणारे मोजे ही वेगळी वस्तू आहे. पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ते घालू नयेत आणि घट्ट विणून घरी तर मुळीच करू नयेत.

रोज मोजा घालण्यापूर्वी तो उलटा करून आतून हात फिरवावा, आणि रात्री घातलेला मोजा सकाळी काढल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. आपल्याकडच्या दमट हवेत तिथे बुरशी फार लवकर धरते.