पडण्याची भीती हवीच

साहसी गेम चांगला की वाईट, हे मी नायकाच्या तलवारीवरून ठरवत नाही, कड्यावरून ठरवतो. नायक कड्याला लटकलेला असताना माझी बोटं कंट्रोलरवर आवळली जातात का? पुढची उडी मारण्याआधी मी थांबून अंतर जोखतो का? तसं होत असेल, तर तो गेम माझा. लढाया आणि ग्राफिक्स यांवर भरपूर बोललं जातं. या आठवड्यात मला चढण्याबद्दल आणि पडण्याबद्दल लिहायचं आहे.

जॉर्डन मेकनरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९मध्ये आला. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. म्हणूनच त्या चिमुकल्या आकृतीला वजन आहे. जोरात पळणारा राजपुत्र जागच्या जागी थांबत नाही, थोडा घसरतोच. एक मजला खाली पडला तर निभावतं, दोन मजल्यांवरून पडला तर इजा होते, तीन मजल्यांवरून पडला तर संपला. हा हिशेब पडून पडूनच कळतो आणि एकदा कळला की कधी विसरत नाही. त्यात अख्ख्या गेमसाठी फक्त ६० मिनिटं. घाईही करायची आणि काठावर पाऊल जपूनही टाकायचं, या ओढाताणीतच त्याची सगळी मजा आहे.

इंग्लंडमधल्या डर्बीच्या ‘कोअर डिझाइन’ने १९९६मध्ये ‘टूम्ब रेडर’ आणला आणि हाच हिशेब त्रिमितीत मांडला. लारा क्रॉफ्टचं जग समान मापाच्या चौकोनी ठोकळ्यांवर बेतलेलं होतं. लांब उडीसाठी आधी काठाशी उभं राहायचं, एक उडी मागे घ्यायची आणि मग धावत सुटायचं. उडी चुकली तर दोष आपल्याच मोजमापाचा. २०१३च्या नव्या ‘टूम्ब रेडर’मधली लारा माणूस म्हणून कितीतरी खरी वाटते, तिला थंडी वाजते, ती घाबरते. पण हात कुठे टाकायचा हे कातळावरच्या पांढऱ्या खुणा आधीच सांगून टाकतात. लारा घाबरलेली आणि मी निर्धास्त, हे जुळत नाही.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत थोर गेम फुमितो उएदा यांचा. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ २००५मध्ये आला. ओसाड प्रदेश, एक तरुण, त्याची घोडी आणि १६ महाकाय प्राणी. वाटेत इतर शत्रू नाहीत, गावं नाहीत, बाजार नाही. त्या प्राण्यांच्या अंगावर चढायचं. पकडीचं बटण दाबून धरावं लागतं आणि पकडीचा दम हळूहळू संपत जातो. प्राणी अंग झाडतो, तरुण चिंधीसारखा हवेत फडफडतो आणि आपण ते बटण सोडत नाही. इथे पडण्याच्या भीतीला आणखी एक अर्थ मिळतो. ज्याच्या केसांना आपण जिवाच्या आकांताने धरून असतो, त्यालाच मारायचं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आपलं काही वाकडं केलेलं नसतं. प्राणी कोसळतो तेव्हा विजयाचे नगारे वाजत नाहीत, शोकाचे सूर उमटतात. कथा शब्दांत सांगण्याऐवजी खेळाडूच्या पंजातून सांगणारा असा दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही.

निन्टेन्डोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने २०१७मध्ये जवळपास सगळं जगच चढण्यासाठी खुलं केलं. समोर डोंगर दिसला की वाट आपणच शोधायची. दमाचं हिरवं वर्तुळ रिकामं होण्याआधी टेकायला एखादी सपाटी गाठायची. पाऊस आला की कातळ निसरडा होतो आणि नायक लिंकचा हात सुटून तो खाली घसरतो. या पावसावर असंख्य खेळाडू वैतागले. मला तो या गेममधला सर्वांत प्रामाणिक नियम वाटतो. जुलैत सह्याद्रीत कातळाला हात लावलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. पाऊस थांबेपर्यंत आडोशाला थांबणं, हेही साहसच आहे.

त्याच वर्षी ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ थेट आपल्या पश्चिम घाटात आला. क्लोई फ्रेझर आणि नडीन रॉस होयसळांच्या राज्यात गणपतीचा दात शोधायला निघतात. दोन बायकांची आधी अवघडलेली, मग घट्ट होत गेलेली मैत्री त्यात सुरेख लिहिली आहे. लाल मातीतून जीप हाकताना, धबधब्यामागचं शिल्प दिसताना मी हरखून गेलो. पण घाटातले कडे मात्र भित्रे निघाले. पकडायच्या खाचा दुरूनच ओळखू येतात आणि क्लोई चुकून पडणं जवळपास अशक्य. डोळ्यांना घाट मिळाला, हातांना मिळाला नाही.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२०चा. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या गोलूला, आपल्या भावाला, शोधते आणि दुर्गा व विष्णू तिच्या प्रवासावर आपसात बोलत राहतात. राजस्थानी वळणाचे महाल, भिंतींवरची चित्रं आणि छाया-बाहुल्यांतून उलगडणारी गोष्ट, हे पाहताना ऊर भरून येतो. लढाया पुढे पुढे सारख्या वाटतात आणि शेवट फार घाईने येतो, हेही खरं. माझी खंत वेगळी आहे. नायिका डोंबाऱ्याच्या जातकुळीची, तोल हाच तिचा धर्म. मग तिच्या उड्यांत मला तोल सांभाळावा लागायला हवा होता.

गेम अवघड करा, असं माझं म्हणणं नाही. ज्याला फक्त गोष्ट हवी आहे, ज्याचे हात पटकन चालत नाहीत, त्याच्यासाठी सोपा पर्याय असलाच पाहिजे. पण हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्या खोदणाऱ्यांनी हाताला पकड मिळावी म्हणून शेजारी खोबण्याही खोदल्या. चढणाऱ्याच्या अंगचं वजन मात्र त्याच्याकडेच राहू दिलं. गेम घडवणाऱ्यांनी एवढंच करावं. आधार जरूर द्यावा, पण पेलण्याचं काम खेळाडूचंच असू द्यावं. खेळाडूवर एवढा विश्वास टाकला तर लहान स्टुडिओचा गेमही मोठा होतो आणि तो काढून घेतला तर कोट्यवधींचं जग नुसतं बघण्यापुरतं उरतं. पुण्यात आज गेम घडवायला शिकणाऱ्या मुलांनी सुरुवात एका उडीपासून करावी. ती उडी मारताना खेळाडूचा श्वास अडकला, तर पुढचा गेम बांधायला घ्यावा.