जाब कोणाला विचारायचा?

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. कृत्रिम बुद्धिमत्ता आता शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सल्ला देणार. आम्ही यंत्राचे वैरी नव्हे. वणी तालुक्यातले राजूर घ्या. खाली कोळसा, वर कपाशी. तिथल्या शेतकऱ्याला कृषी सहायकाची वाट पाहण्याऐवजी हातातल्या फोनने उत्तर दिले, तर कोणाला नको आहे? आमचा प्रश्न निराळा आहे. उत्तर चुकले तर जाब कोणाला विचारायचा?

हा प्रश्न आम्हांस यवतमाळनेच शिकवला. २०१७ साली या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध बनवणारे होते, विकणारे होते, परवाने देणारे होते. बोट मात्र वळले ते फवारणाऱ्यांकडेच: हातमोजे घातले नाहीत, तोंड झाकले नाही. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, दमट उकाड्यात, रोजंदारीवर पंप पाठीला लावणाऱ्या माणसाला हे ऐकवले गेले! तेव्हा निदान भांडायला समोर माणसे होती. उद्या औषधाचे प्रमाण यंत्राने सांगितलेले असेल.

ही भीती काल्पनिक म्हणणाऱ्यांनी पैनगंगेपलीकडे पाहावे. तेलंगणात लाखो शिधापत्रिका संगणकीय छाननीवर विसंबून, कोणाच्या दारी न जाता, रद्द झाल्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश दिला, तेव्हा हजारो कुटुंबे चुकीने वगळल्याचे उघड झाले. मधल्या वर्षांचे बुडालेले धान्य कोणत्या संगणकाने परत केले?

आणि 'त्याच्या भाषेत' म्हणजे कोणाच्या? आमच्या जिल्ह्यातल्या पोडांवर कोलामी बोलली जाते. जिच्यात छापील मजकूर मूठभर, तिच्यातून यंत्र शिकणार तरी काय? कोलामाने मराठीत विचारावे, अर्धेमुर्धे समजून घ्यावे आणि चुकले तर पुन्हा त्याचेच अज्ञान, असा हा न्याय.

नीतिमत्तेची गुळगुळीत तत्त्वे छापून हे सुटणार नाही. प्रत्येक तहसील कार्यालयात असा एक अधिकारी हवा, ज्याला यंत्राचा निर्णय फिरवता येईल आणि ज्याच्या सहीने नकाराचे कारण लेखी मिळेल. सल्ल्याने पीक गेले तर भरपाईचा अर्जही त्याच्याच टेबलावर जावा. यामुळे कामाला विलंब होईल, असे आम्हांस सांगण्यात येईल. होऊ द्या. ५०० कोटींच्या हिशेबात ही एक खुर्ची कुठे मांडणार, तेवढे शासनाने आधी सांगावे.