सोण थेरांची पादत्राणे आणि आमचे मैदान

आमच्या शाळेच्या कार्यालयात शिरताच समोर काचेचे कपाट दिसते. कबड्डीचे करंडक, खो-खोच्या ढाली, धावण्याच्या शर्यतींची पदके त्यात मांडलेली आहेत. पाहुणे आले की आम्ही त्यांना प्रथम या कपाटासमोर उभे करतो. त्यामागे मुलांचे आणि क्रीडाशिक्षकांचे कष्ट आहेत, आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु स्मरणिकेच्या निमित्ताने मागे वळून पाहताना एक प्रश्न आम्हांला टाळता आला नाही. या कपाटात ज्यांचे नाव कधीच आले नाही, त्या मुलांना आमच्या मैदानाने काय दिले?

हिशेब साधा आहे. कबड्डीत एका संघाचे सात खेळाडू मैदानात उतरतात, खो-खोत नऊ. दोन्ही मिळून सोळा झाले. राखीव खेळाडू धरले तरी ही संख्या फार वाढत नाही. वसतिगृहातील बाकीची मुले संध्याकाळच्या त्या दीड तासात काय करीत होती? कोणी चुन्याची फक्की मारीत होते, कोणी पाण्याची कळशी आणीत होते, कोणी कडेला बसून टाळ्या वाजवीत होते. घरी राहणाऱ्या मुलाला शाळा सुटल्यावर गल्ली असते, वाडी असते, नदीकाठ असतो. निवासी शाळेतल्या मुलाचा दिवस पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत घंटेने बांधलेला असतो. मैदानावरचा वेळ हाच त्याचा स्वतःचा वेळ. तोही आम्ही निवडक मुलांच्या नावे केला होता.

निवडलेल्यांचे तरी भले झाले का? काही वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी तालुक्यात पहिली आली. जिल्हा स्पर्धेला तीन आठवडे होते. आम्ही तिचा सराव दुप्पट केला. गुडघ्याच्या वाटीखाली दुखते, असे तिने दोनदा सांगितले. थोडे सहन कर, असे उत्तर तिला दोनदा मिळाले. वाढीच्या वयात हाडे अजून कोवळी असतात, स्नायूबंध जिथे हाडाला जोडलेला असतो तिथे अतिरेकी सरावाने सूज येते आणि विश्रांती हाच त्यावरचा पहिला उपाय असतो, हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते. जिल्ह्यात तिचा क्रमांक आला नाही. परतीच्या गाडीत तिच्याशी कोणी फारसे बोलले नाही. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली, मैदानावर मात्र पुन्हा आली नाही. दोष तिच्या जिद्दीचा नव्हता, आमचा होता.

अशा वेळी आपल्याच परंपरेतील सोण थेरांची कथा आठवते. श्रीमंत घरात वाढलेले, अतिशय नाजूक तळव्यांचे सोण राजगृहाजवळच्या शीतवनात साधना करीत होते. चंक्रमण करता करता त्यांच्या पायांतून रक्त वाहू लागले. एवढे करूनही हाती काही लागत नाही, त्यापेक्षा घरी परतावे, असा विचार त्यांच्या मनात आला. भगवान बुद्ध त्यांच्याकडे गेले. त्यांनी सोणांना दटावले नाही, आणखी नेट लाव असेही म्हटले नाही. सोणांना पूर्वी वीणा चांगली वाजविता येत असे. तथागतांनी त्यांना वीणेविषयीच विचारले. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही, हे सोणांच्याच तोंडून वदवून घेतले. प्रशिक्षकाने यातून दोन गोष्टी शिकाव्यात. शिकणाऱ्याला आधी विचारावे, आणि त्याला जे येते, ज्यात त्याला आनंद आहे, तेथून सुरुवात करावी.

विनयपिटकातील या कथेचा पुढचा भाग आपण क्वचित सांगतो. सोणांचे पाय पाहून तथागतांनी त्यांना एकपदरी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणांनी ती एकट्यासाठी स्वीकारली नाही. सर्व संघाला अनुज्ञा असेल तर आपणही वापरू, असे ते म्हणाले. तेव्हा तथागतांनी ती अनुज्ञा सर्व भिक्खूंना दिली. आमच्या शाळेत मात्र वर्षानुवर्षे खेळाचे बूट संघातील मुलांसाठीच आले आणि बाकीची अनवाणी धावली. धम्माचे नाव घेणाऱ्या संस्थेला हे शोभत नाही, असे आम्हांला प्रांजळपणे वाटते.

यावर आमच्यातीलच काही सहकारी एक आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, आनंदासाठी खेळणे ही खात्यापित्या घरांची चैन आहे. आपल्या मुलांसाठी खेळ ही शिडी आहे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीच्या निकालात खेळाचे वाढीव गुण आहेत, पोलीस भरतीची धाव आहे. मजुरी करून मुलाला येथे ठेवणाऱ्या आईबापांना आनंदाचे तत्त्वज्ञान कसे सांगणार?

शिडी हवीच. पण दहा-अकरा वर्षांच्या वयात निवड करून आणि पिळवटून ती उभी राहते, हे गृहीत आम्हांला मान्य नाही. आपल्याच जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात, तळेगाव रोहीसारख्या पाणीटंचाईच्या गावात दत्तू भोकनळ वाढले. लहानपणी त्यांच्या हाती वल्हे नव्हते. २०१२ मध्ये सैन्यात गेल्यावर त्यांनी नौकानयन सुरू केले, २०१६ मध्ये ते रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांच्या संघात होते. बाराव्या वर्षी त्यांची चाचणी कोणी घेतली असती, तर त्यांच्यात नौकानयनपटू कोणाला दिसला असता? हरसूल परिसरातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. इतक्या लांब अंतराचे यश फार वर्षांच्या सरावातून येते, आणि फार वर्षे टिकायचे तर मैदानाविषयीची ओढ शिल्लक राहावी लागते. सहावीतच जिचे मैदान सुटले, तिला कोणती शिडी उपयोगी पडणार?

नॉर्वेची लोकसंख्या साठ लाखांच्याही आत आहे. तेथील क्रीडा महासंघाने १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि पुढे ते मुलांचे हक्क म्हणून मांडले. मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत निकालांच्या याद्या आणि गुणतक्ते लावायचे नाहीत, असा त्यांतला एक नियम आहे. तोच देश २०१८ आणि २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदकतालिकेत पहिला आला. त्यांची सुबत्ता आपल्यापाशी नाही हे खरे. पण गुणतक्ता न लावण्यासाठी पैसा लागत नाही.

या प्रश्नाला आपल्यापुरता आणखी एक पैलू आहे. हे नाशिक आहे. २ मार्च १९३० रोजी येथे काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. आपल्या माणसांना मंदिर बंद होते, पाणवठा बंद होता, आणि मैदान खुले झाले तेव्हाही ते अर्धेच खुले झाले. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात आणि तोही मंडपाबाहेर मिळत असे. ज्यांच्या पूर्वजांना कडेला बसवले गेले, त्यांच्याच शाळेत एखादे मूल कडेला बसून राहावे, ही गोष्ट लहान नाही.

म्हणून येत्या वर्षापासून काही गोष्टी व्हाव्यात, अशी आमची सूचना आहे. पाचवी ते सातवीपर्यंत शाळेचा वेगळा निवडक संघ नसावा. रोज सर्व मुलांनी खेळावे आणि लहान लहान गट पाडावेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चढाई यावी, पाठलाग यावा. एका आठवड्यात मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा अधिक तास सराव नसावा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. क्रीडावैद्यकातील जाणकारही असेच सुचवतात. दुखते असे मुलाने म्हटले की त्या दिवशीचा सराव तेथेच थांबावा. मुलींना अडचणीच्या दिवसांत कारण न विचारता सूट मिळावी. पहाटे धावण्यापूर्वी पोटात काही जावे. हरलेल्या संघाला उन्हात फेऱ्या मारायला लावण्याची प्रथा कायमची बंद व्हावी. बूट आले तर सर्वांना यावेत. सर्वांना पुरत नसतील, तर ज्या मुलापाशी मुळीच नाहीत त्याला आधी द्यावेत. आठवीनंतर ज्यांना स्पर्धेत उतरायचे आहे त्यांना चौदा आणि सतरा वर्षांखालील गटांसाठी जरूर तयार करावे, पण त्यांच्या इच्छेने, आणि इतरांचे मैदान काढून न घेता.

क्रीडाशिक्षकांचे मूल्यमापनही बदलावे लागेल. किती ढाली आणल्या, हे विचारण्याऐवजी जूनमध्ये शाळा उघडल्यावर गेल्या वर्षीची किती मुले आपण होऊन मैदानावर परतली, हे संस्थेने विचारावे. दुसऱ्याच्या आनंदाने आनंदित होणे याला आपण मुदिता म्हणतो. प्रशिक्षकाचा खरा गुण तोच. सगळ्यात मागे धावणारे मूल हसत शेवटची रेघ ओलांडते, तेव्हा ज्याला बरे वाटते, तो आम्हांला हवा आहे.

कपाट आहे तेथेच राहू द्यावे. त्याच्या शेजारी आम्हांला एक वही ठेवायची आहे. तिच्यात रोज मैदानावर आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव असेल. पुढील स्मरणिका निघेल तेव्हा पाहुण्यांना आम्ही आधी ती वही दाखवू.