कात्री आणि कानउघाडणी

चित्रपटातले दृश्य कापले तरी ‘सेन्शर केले’ आणि मंत्र्यावर निंदेचा ठराव आला तरी ‘सेन्सॉर प्रस्ताव’, अशी सरमिसळ अधूनमधून कानावर पडते. इंग्रजीत या दोन शब्दांत शेपटापुरताच फरक. कामे मात्र दोन टोकांची. सेन्सॉर बोलण्याआधीच तोंड दाबतो. सेन्शर म्हणजे करून-सवरून झाल्यावर चारचौघांत विचारलेला जाब. लोकसभेत अविश्वासाच्या ठरावाला कारण द्यावे लागत नाही. निंदाव्यंजक ठरावात मात्र आरोप नेमके मांडावे लागतात.

गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचे घराणे एकच, प्राचीन रोमचे. तिथल्या ‘सेन्सॉर’चे मूळ काम शिरगणतीचे, जोडीला बड्या मंडळींच्या वर्तनावर नजर ठेवण्याचे. इसवी सनापूर्वी १८४ मध्ये या पदावर आलेल्या थोरल्या केटोने मॅनिलियस नावाच्या सदस्याला सिनेटमधून काढले. गुन्हा काय, तर भरदिवसा, मुलीदेखत बायकोचे चुंबन घेतले, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. सोवळेपणाची ही हद्दच. पण केटोने निदान कृत्य घडल्यावर, स्वतःच्या नावाने शिक्षा केली. म्हणजे हा रोमन सेन्सॉर करत होता ते सेन्शरच!

आपल्याकडे २०१५ साली ‘स्पेक्टर’मधल्या जेम्स बाँडची चुंबने निम्म्यावर आणली गेली, तीही प्रेक्षकाच्या नजरेला पडण्याआधी. आणली कोणी? ज्याच्या नावातला ‘सेन्सॉर’ १९८३ सालीच जाऊन तिथे ‘प्रमाणन’ आले, त्या मंडळाने. अर्धे चुंबन संस्कृतीला पचते आणि पुरे पचत नाही, हे गणित केटोलाही सुचले नसते. महाराष्ट्रात तर नाटकाची संहिता आजही प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते.

माणसे मोजणे आणि बड्यांना जाब विचारणे ही त्या रोमन अधिकाऱ्याची खरी कामे. पैकी आपली शिरगणती १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आली. २०२१ची हुकली, ती २०२७वर गेली. निंदाव्यंजक ठराव चर्चेला यायलाही भाग्य लागते. कात्री तेवढी कधी लांबणीवर पडल्याचे ऐकिवात नाही.