धान्याचे गाव विसरू नये

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा तेजी-मंदीवर चार शब्द लिहावेत असा आमचा प्रथम विचार होता. परंतु २०२५ सालच्या आरंभी एक गोष्ट आमच्या मनास लागली, ती अद्याप निघत नाही. म्हणून तीच वाचकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यक आणि रसायनशास्त्र हे आमचे प्रांत नव्हेत. तथापि हा विषय शेवटी धान्यापाशी येऊन थांबतो, आणि धान्याविषयी बोलण्याचा थोडाबहुत अधिकार वखारीत जन्म घालविलेल्या माणसास असावा, असे वाटते.

सुरतेहून तापीकाठच्या लोहमार्गाने भुसावळ गाठावे आणि तेथून नागपूरकडे जाणारी गाडी धरावी, म्हणजे वाटेत शेगाव लागते. श्री गजानन महाराजांच्या समाधीमुळे हे स्थान सर्वांस ठाऊक आहे. आपल्या तापीस मिळणारी पूर्णा, नवसारीची नव्हे तर वऱ्हाडातील, त्याच मुलखातून वाहते. बुलढाणा जिल्ह्यातील या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी खेड्यांत २०२४ च्या डिसेंबरअखेर लोकांचे केस अकस्मात गळू लागले. प्रथम डोक्यास खाज सुटे, मग नुसता हात फिरविताच केसांचा पुंजका मुठीत येई, आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडे. यात पुरुष होते, स्त्रिया होत्या, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. कित्येकांस ताप, डोकेदुखी, वांत्या व जुलाब यांचाही त्रास झाला. पाहता पाहता १८ गावांतील २७९ माणसे या विकाराने ग्रस्त झाली.

कोणी म्हणाले, पाण्याचा दोष. कारण तो खारपाणपट्टा आहे, आणि पाण्यात नायट्रेटचे प्रमाण अधिक आढळलेही. कोणी म्हणाले, बुरशी. कोणी केस धुण्याच्या द्रव्यांवर बोट ठेवले. ‘टक्कल व्हायरस’ असे एक नावही लोकांनी पाडले आणि त्या गावांच्या माणसांस शिवावयासही इतर भिऊ लागले. हे वाचताना आम्हांस सप्टेंबर १९९४ चे दिवस आठवले. प्लेगच्या वार्तेने आपली सुरत ओस पडली होती, आणि सुरतचा माणूस म्हटले की परगावी लोक दोन पावले मागे सरत होते. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांस शेगावच्या खेडुतांची व्यथा निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. आजार एकपट असतो आणि कारण न कळल्याने होणारी विटंबना दसपट असते.

अशा वेळी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या प्रकरणाचा शोध घेतला. कोकणातील विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू करून ज्यांनी असंख्य प्राण वाचविले, आणि ज्यांस २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेच हे गृहस्थ. सत्तरी ओलांडली असतानाही त्यांनी स्वखर्चाने रक्ताचे, लघवीचे, केसांचे नमुने तपासून घेतले. रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट सेलेनियम वाढलेले आढळले. जस्ताचे प्रमाण मात्र घटलेले होते. मग त्यांनी रोग्यांच्या घरचा गहू ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासविला. त्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. हा गहू रेशनचा होता आणि पोत्यांवरून त्याचे मूळ पंजाबकडे निघाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकेही गावांत येऊन गेली, आणि रोग्यांच्या रक्तात सेलेनियम वाढल्याचे त्यांच्या तपासणीतूनही पुढे आल्याचे वृत्त होते. गहूच कारण, हा निष्कर्ष डॉ. बावस्करांचा आहे, न्यायाधीशाचा निवाडा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु धान्याच्या व्यापाऱ्याने निवाड्याची वाट पाहत स्वस्थ बसावे, असा हा विषय नाही.

सेलेनियम म्हणजे काय, हे आम्ही जेवढे समजून घेतले तेवढे सांगतो. स्वीडनच्या बर्झेलियस नामक शास्त्रज्ञास १८१७ साली गंधकाम्लाच्या कारखान्यातील गाळात हे मूलद्रव्य सापडले, आणि ग्रीक भाषेतील चंद्राच्या नावावरून त्याने त्याचे नामकरण केले. मूलद्रव्यांच्या कोष्टकात ते गंधकाच्या थेट खाली बसते. दोघांचे गुणधर्म इतके जवळचे, की झाडाचे मूळ जमिनीतून गंधक घेताना सेलेनियमही त्याच वाटेने आत घेते. एकाच शिक्क्याची पोती पाहून मापाड्याने दुसऱ्याचा माल आपल्या वखारीत उतरून घ्यावा, तसाच हा प्रकार. पुढे ते गव्हाच्या प्रथिनात गंधकाच्या जागी जाऊन बसते. म्हणून धुतल्याने, पाखडल्याने वा दळल्याने ते जात नाही. केस आणि नखे ज्या केराटिनाची होतात, त्याचे बळ गंधकाच्या सांध्यांत असते. केस जळताना जो उग्र वास येतो, तो त्या गंधकाचाच. सेलेनियम अति झाले म्हणजे हेच सांधे कच्चे पडतात. या गावांत अनेकांचे केस पुढे काही आठवड्यांनी परत येऊ लागले. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये तेथेच काहींची नखे गळू लागल्याचेही वृत्त आले.

तथापि सेलेनियम हे निव्वळ विष आहे, असे मात्र कोणी समजू नये. चीनमधील केशान भागात १९३५ साली जो हृदयविकार प्रथम नोंदला गेला, तो जमिनीत सेलेनियम नसल्याने होणारा ठरला. आणि त्याच देशाच्या हुबेई प्रांतातील एन्शी येथे १९६० नंतरच्या वर्षांत सेलेनियम अति झाल्याने लोकांचे केस व नखे गळाली. माणसास ते दिवसाला चाळीस-पंचावन्न मायक्रोग्रॅम लागते. अमेरिकेतील तज्ज्ञांनी प्रौढांसाठी वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम ठेविली आहे. आता आपला हिशेब करू. वर सांगितलेल्या गव्हाच्या पोळ्या दिवसाला ३०० ग्रॅम खाणाऱ्याच्या पोटात सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ अकरा पट. आणि हेच प्रमाण आपल्या जुन्या तोळा-माशात मांडले, तर एका क्विंटल गव्हात जेमतेम दीड मासा. शंभर किलो सोनेरी दाण्यांत दीड मासा! कोणता व्यापारी तो डोळ्याने पाहील? आम्ही आयुष्यभर पोत्यात परखी मारली, दाणा तळहातावर घेतला, दाताखाली फोडला, नाकास लावला, आणि गव्हाची जात व ओल अचूक सांगितल्याचा अभिमान बाळगला. या दीड माशापुढे ती सर्व विद्या निरुपयोगी आहे, हे कबूल केलेच पाहिजे.

यात शेतकऱ्याचा अपराध नाही. शिवालिकच्या डोंगरांतून पुराच्या पाण्याबरोबर आलेली माती पंजाबच्या होशियारपूर व शहीद भगतसिंग नगर जिल्ह्यांतील काही गावांत साचली, आणि तिच्यात सेलेनियम आहे. तेथील गुराढोरांची शिंगे व खूर गळतात, हे लुधियान्याच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच अभ्यासून ठेविले आहे. काही गावांच्या मातीवरून सबंध पंजाबच्या गव्हास नावे ठेवणे हा अन्याय होईल. त्या गव्हाने देशाची भूक भागविली आहे. प्रश्न एवढाच, की ती काही गावे कोणती आणि त्यांचा गहू कोठे गेला, हे सांगता आले पाहिजे. ते सांगणे शेतकऱ्याच्या हाती नाही आणि खाणाऱ्याच्या तर नाहीच. मधली सर्व वाट आपली आहे.

“हे रेशनचे प्रकरण, आपल्यास काय त्याचे?” असे काही बंधू म्हणतील. त्यांस एवढेच सांगणे, की सरकारी कोठारातील गहू खुल्या बाजारातील विक्री योजनेत लिलावाने गिरणीवाल्यांसही मिळतो. शिवाय आमच्यावर जो प्रसंग आला, तो सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

शेगावची वार्ता वर्तमानपत्रांत झळकली त्याच आठवड्यात एक खानदेशी सून आमच्या पेढीवर आली. उन्हाळ्यात तिने वर्षाचे साठवणीचे गहू आमच्याकडून नेले होते, आणि रीतीप्रमाणे एरंडेल चोळून कोठीत भरले होते. घरात दीड वर्षांचे मूल. तिने विचारले, “काका, आमचे गहू कुठले होते?” आम्ही म्हणालो, “पंजाबचे असावेत, नाहीतर माळव्याचे.” ती म्हणाली, “असावेत म्हणजे?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. रोजमेळात तिच्या नावे वजन होते, भाव होता, हमाली होती. गहू कोठला हे नव्हते. तीन ठिकाणचा माल एकत्र करून नव्या बारदानात भरावयाचा आणि पोत्याच्या तोंडची चिठ्ठी काढून टाकावयाची, ही आमची नेहमीची वहिवाट. त्यात आम्ही कधी लबाडी मानली नाही. आजही हेतू लबाडीचा नव्हता. पण त्या मुलीच्या कोठीतील किलोभर गहू प्रयोगशाळेत पाठवून उत्तर येईपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढे दिवस त्या घराने बाजरी व तांदूळ खाल्ला आणि आमचे चित्त थाऱ्यावर नव्हते. उत्तर चांगले आले. परंतु ते नशिबाने चांगले आले. आमच्या व्यवहाराने नव्हे.

आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे वापरणे हा एक आहे आणि चांगल्या वस्तूत तिच्यासारखी दिसणारी हीन वस्तू घालून विकणे हा दुसरा. हे दोन आपण लहानपणापासून ऐकत आलो. “आम्ही जाणून काही मिसळले नाही” एवढ्याने सुटका होते काय? आपला धर्म पाणी गाळून प्या म्हणतो, दिव्यापाशी जपून वागा म्हणतो. न दिसणाऱ्या जीवासही इजा होऊ नये म्हणून जयणा पाळा म्हणतो. मग न दिसणाऱ्या दीड माशाविषयी ग्राहकाच्या बाबतीत जयणा नको, असे म्हणता येणार नाही. संवत्सरीस “मिच्छामि दुक्कडम्” म्हणताना ज्याच्या कोठीत आपला माल आहे तोही आपल्या डोळ्यांपुढे यावा, असे आमचे नम्र मत आहे.

म्हणून संघापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली ही, की प्रत्येक घाऊक खरेदीची नोंद करताना धान्य कोणत्या राज्यातील, कोणत्या जिल्ह्यातील व कोणत्या मंडीतील हे लिहावे आणि विक्रीच्या बिलावरही तेच उतरावे. पोत्याची चिठ्ठी फेकू नये. दुसरी, प्रत्येक लॉटमधून किलोभर नमुना काढून, शिक्का मारून, निदान वर्षभर ठेवावा. तिसरी, संघाने हंगामात काही नमुने स्वतःच्या निधीतून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावेत, आणि दोष निघाल्यास त्या मालाची विक्री थांबवून अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांस कळवावे. भगिनींसही एक विनंती आहे. साठवणीचे गहू एकाच ठिकाणचे भरू नयेत, आणि ताटात ज्वारी, बाजरी, तांदूळ यांस जागा असू द्यावी. शेगावच्या गरिबाच्या ताटात रोज तोच एक गहू होता, हे ध्यानात ठेवावे.

माल मिसळल्याने दोष पातळच होतो, असा युक्तिवाद एका व्यापारी स्नेह्याने आमच्याशी केला. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु मिसळायचे तर दोन्हींची नावे लिहून मिसळावे. नाव पुसून नव्हे. बावस्करांस गव्हाचे मूळ सापडले ते पोती बोलली म्हणून. आमच्या बारदानातून तो गहू गेला असता, तर त्यांस काय सापडले असते? खर्चाचे म्हणाल तर किलोभर गहू आणि वहीतील एक रकाना हा खर्च कोणत्याही पेढीस जड नाही. दोष उघड झाल्यास नाव जाईल ही भीती मात्र खरी आहे, आणि ती आम्हांसही वाटते. १९९४ नंतर आपल्या शहराने लाज झाकून ठेवली नाही. रोज झाडलोट केली, आणि थोड्याच वर्षांत स्वच्छ शहर म्हणून नाव मिळविले. व्यापारालाही दुसरा मार्ग नाही.

आम्ही आमच्या पेढीच्या वहीत तो रकाना सुरू केला आहे. ती सून पुढील उन्हाळ्यात पुन्हा गहू न्यावयास आली, तेव्हा बिलावर जिल्हा व मंडी लिहून दिली. तिने ती नीट वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मगच पैसे मोजले.

जय जिनेंद्र.