बांधावरचें गवत आणि फादर ब्लॅटर

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मीं शेंकडों उताऱ्यांवर 'पोटखराबा' हा शब्द लिहिला. परंतु त्या पोटखराब्यांत काय उगवतें, हें एकदांही कोणास विचारलें नाहीं. पीक नाहीं ती जमीन कवडीमोल, अशीच माझी समजूत होती. ती किती चुकीची, हें एका धर्मोपदेशकाच्या चरित्रावरून ध्यानांत आलें.

फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. येशूसंघाचे हे व्रतस्थ १९०३ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत शिकविण्यास आले. वाळविलेल्या वनस्पतींचा जो संग्रह त्यांनीं तेथें उभारला, तो आजही अभ्यासकांच्या उपयोगीं पडतो. १९१९ ते १९२४ ते कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. पुढें पांचगणीस धर्मसेवा करीत असतांही हा व्यासंग सुटला नाहीं. १९३४ सालीं ते पुण्यास निवर्तले. चार्ल्स मॅक्कन यांच्यासह लिहिलेला, मुंबई इलाख्यांतील गवतांवरील त्यांचा ग्रंथ दुसऱ्या वर्षीं प्रसिद्ध झाला. हिंगोली तेव्हां निजामाच्या राज्यांत होती. पण गवतास सरहद्द कोठें ठाऊक?

पाद्र्यानें गवत कशास न्याहाळावें, असें कोणी विचारील. मी उलट विचारतों, ज्याचीं गुरें त्यावर जगतात त्यानें तें कां ओळखूं नये? मारवेल व पवन्या गुरें आवडीनें खातात. कुसळी फुलोऱ्यापूर्वीं कापली तर वैरण; उशीर झाला तर तिचीं कुसळें गुरांच्या तोंडांत रुततात. गाजरगवत तर मुळीं गवतच नव्हे. तें सूर्यफुलाच्या कुळांतलें. १९५५ च्या सुमारास तें पुण्याकडे आढळलें आणि पुढें सर्वत्र पसरलें. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत आणि माणसाच्या अंगास त्यानें खाज सुटते. मित्र आणि शत्रु या दोघांसही आपण 'गवत' या एकाच नांवानें ओळखतों, व तणनाशक फवारून दोघांसही सारखीच शिक्षा करितों. मग वैशाखांत वैरण विकत घेतों, आणि उघडा पडलेला बांध पहिल्या जोराच्या पावसांत वाहून जातो.

सोयाबीन व हळद यांनीं पैसा येतो, गवतानें काय, हा आक्षेप ऐकूं येतो. परंतु बांधावर सोयाबीन पिकत नाहीं. तेथें गवतच पिकतें.

म्हणून सभासद बंधूंस माझी सूचना अशी कीं, गवतें फुलोऱ्यांत येतील तेव्हां प्रत्येकानें आपल्या बांधावरील चार गवतें मुळांसकट उपटून जुन्या कागदांत दाबून वाळवावीं, त्यांवर गांव, तारीख व घरांतील वडीलधारीं सांगतील तें नांव लिहावें, आणि तीं संघाच्या कचेरींत आणून द्यावीं. शिवाय एक तरी बांध फवारणीवांचून मारवेलासाठीं राखावा. परदेशच्या पाद्र्यानें या देशाच्या गवताचा जेवढा मान राखला, तेवढा धन्यानें राखूं नये काय?