सायकलीच्या फ्रेमचे आयुष्य

कोणतीही वस्तू विकत घेताना 'ही किती दिवस टिकेल?' असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी दुकानदारास हटकून विचारतात. तव्यापासून घड्याळापर्यंत सर्व वस्तूंना हा प्रश्न लागू आहे. डोंगरी सायकल, म्हणजे माउंटन बाइक, घेताना मात्र तो क्वचितच विचारला जातो. गिअर किती, टायर केवढे, रंग कोणता, याची चौकशी होते. परंतु ज्या फ्रेमवर हा सारा डोलारा उभा, तिचे आयुष्य किती, हे कोणी विचारीत नाही. टायर, साखळी, ब्रेक ही झिजणारी अंगे आहेत व ती बदलता येतात. फ्रेम मोडली म्हणजे सायकलच संपली. आणि ती उतारावर मोडली तर स्वाराच्या जिवावर बेतते. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

गंमत अशी की, या सायकलीचा जन्मच मुळी जुन्या फ्रेमांतून झाला. १९७६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, काही तरुणांनी डोंगरउतारावर शर्यती सुरू केल्या. त्यांच्यापाशी होत्या त्या १९३० ते १९५० च्या दरम्यानच्या, जाड टायरांच्या, श्विन व तत्सम बनावटीच्या पोलादी सायकली. तीस-चाळीस वर्षे उलटूनही त्या चालत होत्या, हे पोलादाचे श्रेय. परंतु ज्या कामासाठी त्या घडविल्या नव्हत्या ते काम अंगावर पडताच त्या वाकू व मोडू लागल्या. तेव्हा १९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवी पोलादी फ्रेम तयार केली. फ्रेमचे आयुष्य तिच्या धातूवर जितके, तितकेच तिच्याकडून घेतलेल्या कामावर अवलंबून असते, हे या इतिहासावरून उघड होते.

प्रथम धातूचा विचार करू. माणसाप्रमाणे धातूसही थकवा येतो. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे सिद्ध केले. एका झटक्याने न मोडणारा आस त्याहून लहान ताण लक्षावधी वेळा सोसल्यावर मोडतो. मात्र पोलादाचा एक मोठा गुण आहे. ताण एका ठराविक मर्यादेच्या आत राहिला, तर ते जवळजवळ अखंड काम देते. अल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. प्रत्येक हादरा त्याच्या खात्यात थोडाथोडा जमा होत जातो. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने भूमध्य समुद्रात कोसळली, त्यांच्या मुळाशी हाच थकवा असल्याचे चौकशीअंती ठरले. म्हणून अल्युमिनियमची फ्रेम टाकाऊ आहे, असे कोणी समजू नये. तिच्या नळ्या मोठ्या व्यासाच्या करून ताण कमी राखलेला असतो. कार्बन तंतूंच्या फ्रेमचे दुखणे निराळे. ती सहसा थकत नाही. परंतु दगडावर जोराने आपटल्यास आतील थर सुटतात आणि वरून रंग मात्र जसाच्या तसा दिसतो.

कारखान्यात फ्रेमची परीक्षा होत नाही असे नाही. ४२१० क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेडलांच्या जागी एक लाख वेळा आळीपाळीने जोर देऊन फ्रेमला तडा जातो का, हे पाहिले जाते. डोंगरी सायकलीसाठी हा जोर सुमारे १२० किलो वजनाएवढा असतो. परीक्षा कठीण खरी. पण ती उत्तीर्ण झालेली फ्रेम पाच वर्षे टिकेल की पंचवीस, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. 'आजन्म हमी'च्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत पाहावे, तर ती बहुधा पहिल्या मालकापुरती आणि घडणीतील दोषापुरतीच निघते.

मग वाजवी अपेक्षा कोणती? आमच्या मते रोज शाळेत जाण्यायेण्यास आणि सुटीत माळरानावर भटकण्यास वापरलेली अल्युमिनियमची चांगली फ्रेम निदान दहा वर्षे टिकली पाहिजे. पोलादी फ्रेम गंजापासून जपल्यास पंचवीस वर्षे टिकावी व थोरल्याकडून धाकट्याकडे जावी. उलट, जी फ्रेम रोज उंचावरून उड्या मारण्यास वापरली जाते, तिच्यावर तीन-चार वर्षांनंतर न तपासता विसंबणे हे धाडस नसून अविचार होय. 'जुने ते सोने' हे फ्रेमच्या बाबतीत तपासणीनंतरच म्हणावे.

ही तपासणी विद्यार्थ्यांच्या हातची आहे. वर्षातून दोनदा सायकल स्वच्छ धुऊन हँडलाखालचे सांधे, पेडलांजवळचा सांधा आणि सीटची नळी बारकाईने पाहावी. रंगावर केसासारखी रेघ दिसली, तर ती तडा आहे असे समजूनच सायकल थांबवावी. मुलगा उंच होतो तसतशी सीट वर जाते. सीटच्या दांड्यावरील मर्यादेची खूण बाहेर दिसू लागली, की सारा भार नळीच्या तोंडाशी येऊन तेथे फ्रेम फाटते. बेळगावसारख्या पावसाळी गावी पोलादी नळीत सीटकडून पाणी उतरते व गंज आतून चढतो. पावसाळ्यानंतर सीटचा दांडा काढून ती नळी वाळवावी. तडा गेलेली अल्युमिनियमची फ्रेम कोपऱ्यावरच्या दुकानात वेल्डिंग करून घेऊन पुन्हा डोंगरावर नेऊ नये. उष्णतेने सांध्याजवळचा धातू नरम पडतो आणि पुन्हा शास्त्रशुद्ध तापवल्यावाचून त्याचे बळ परत येत नाही.

परंतु सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. कित्येक फ्रेमा धडधाकट असतानाच निकालात निघतात, कारण त्यांना बसणारे सुटे भाग मिळेनासे होतात. पूर्वी डोंगरी सायकलीचे चाक सरसकट २६ इंची असे. पुढे साडेसत्तावीस व २९ इंची चाके आली आणि जुन्या मापाचा चांगला माल दुर्मिळ झाला. मागचा गिअर ज्या लहानशा तुकड्यावर लटकतो, त्याचे तर शेकडो आकार आहेत. तो वाकला आणि मिळाला नाही, तर हजारो रुपयांची सायकल भिंतीला टेकून राहते. हा घोळ टाळता येतो. २०१९ साली स्राम कंपनीने या तुकड्याचा एक सामाईक नमुना काढला व अनेक कारखानदारांनी तो स्वीकारला.

म्हणून आमचे मागणे एवढेच की, फ्रेम कोणत्या वापरासाठी आहे आणि त्या वापरात ती किती वर्षे टिकावी, हे कारखानदाराने स्पष्ट छापावे व तितकी वर्षे तिचे सुटे भाग पुरवावे. ग्राहक विचारीत नाही तोवर हे घडणार नाही. तेव्हा विद्यार्थिमित्रांनी पुढील खेपेस दुकानात गिअर मोजण्याआधी वडिलांचा तो जुना प्रश्न विचारावा: 'ही किती वर्षे टिकेल?' आणि उत्तर लेखी मागावे.